बैलाला एक न्याय, घोड्याला दुसरा

महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत भरवायची असेल, तर आयोजकाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, अनामत भरावी लागते, पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी करून घ्यावी लागते, धावेचे अंतर १००० मीटरच्या आत ठेवावे लागते, आणि गाडीवानाला काठी, चाबूक किंवा विजेचा झटका देणारे साधन वापरता येत नाही. नियम मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही व्यवस्था सहजासहजी आलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी तमिळनाडूतील जल्लीकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या, राज्य विधिमंडळाने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना सशर्त मुभा दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. जवळजवळ दहा वर्षे गावोगावच्या यात्रांपासून दिल्लीच्या न्यायदालनापर्यंत एकाच प्रश्नाचा खल झाला : माणसाच्या करमणुकीसाठी आणि प्रतिष्ठेसाठी जनावराला किती पळवावे, आणि पळवताना त्याला मारावे का?

याच राज्यात, मुंबईच्या महालक्ष्मीला हिवाळ्यात आणि पुण्याच्या कॅम्पातील रेसकोर्सवर पावसाळ्यात, घोड्यांच्या शर्यती होतात. तेथे जॉकीच्या हातात चाबूक असतो, शेवटच्या टप्प्यात तो घोड्याच्या पुठ्ठ्यावर उतरतो, अंतर १००० मीटरपासून पुढे २४०० मीटरपर्यंत आणि त्याहूनही लांब असते, आणि या सगळ्याविषयी विधिमंडळात किंवा वृत्तपत्रांत बैलगाड्याच्या शतांशानेही चर्चा झालेली नाही. शर्यती भरवणाऱ्या क्लबचे स्वतःचे नियम आहेत, पंच आहेत, पशुवैद्यक आहेत. चाबकाचा गैरवापर केल्यास जॉकीवर कारवाई होते, हे मी नाकारत नाही. पण ते नियम क्लबचे आहेत. बैलाचे रक्षण कायदा करतो आणि घोड्याचे रक्षण त्याच्यावर पैसे लावणाऱ्यांच्या सोयीने चालणारी संस्था करते, या तफावतीचे समर्थन मला आजवर कोठे सापडलेले नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने श्रीमंतांवर राग काढणे हा या लेखाचा हेतू नाही. बैलगाडा शर्यतीवरचे निर्बंध योग्यच आहेत असे माझे मत आहे. ते आणखी कसोशीने पाळले जावेत असेही मला वाटते. मागणी एवढीच आहे की मोजपट्टी एक असावी. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेरफटक्यासाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि मुंबईच्या रस्त्यांवरची व्हिक्टोरिया थांबली. त्या घोड्यांचे हाल खरे होते, निर्णय बरोबर होता. मात्र त्या गाड्या चालवणारी माणसे गरीब होती. जनावराच्या कल्याणाचा विचार आपण आधी गाडा पळवणाऱ्या शेतकऱ्याच्या, मग घोडागाडी हाकणाऱ्याच्या दारात नेला आणि रेसकोर्सच्या फाटकापाशी येऊन थांबलो.

शर्यतीचा घोडा धावतो म्हणजे त्याच्या शरीरात नेमके काय घडते, हे आधी पाहिले पाहिजे. थरोब्रेड जातीचा घोडा साधारणपणे ४५० ते ५०० किलो वजनाचा असतो आणि भरधाव असताना ताशी साठ किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगात एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पुढच्या पायावर पडतो आणि तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट असतो. गुडघ्याखाली घोड्याच्या पायाला मांसल स्नायू नाहीत. आहेत ती फक्त हाडे, स्नायुबंध आणि त्वचा. नळीच्या हाडात आणि खुराच्या वरच्या सांध्यात रोजच्या सरावाने बारीक भेगा पडतात. विश्रांती मिळाली तर त्या भरून येतात, न मिळाल्यास एके दिवशी हाड तुटते. म्हणूनच, प्रेक्षकाला जो अपघात अचानक झालेला दिसतो, तो बहुतेक वेळा आठवडेच्या आठवडे आतल्या आत घडत आलेला असतो. कॅलिफोर्नियात शर्यतीत मेलेल्या घोड्यांचे शवविच्छेदन वर्षानुवर्षे सक्तीने केले जाते आणि त्यातील बहुसंख्य घोड्यांच्या मोडलेल्या जागी जुन्या इजेच्या खुणा आढळलेल्या आहेत.

माणसाचा पाय मोडला तर तो महिनाभर अंथरुणावर पडून राहतो. घोड्याला ते जमत नाही. त्याला दिवसाचा बहुतेक काळ उभेच राहावे लागते, आणि एका पायावरचा भार काढला की तो उरलेल्या पायांवर जाऊन त्यांच्या खुरांच्या आतील थर सुजतो व सुटू लागतो. २००६ सालच्या केंटकी डर्बीचा विजेता बार्बारो पुढच्याच मोठ्या शर्यतीत पाय मोडून थांबला. अमेरिकेतील उत्तम शल्यचिकित्सकांनी त्याच्यावर आठ महिने उपचार केले, पैशाची ददात नव्हती, तरी अखेरीस खुरांच्या याच विकाराने जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले. जगातल्या नामवंत घोड्याची ही कथा असेल, तर खालच्या वर्गाच्या शर्यतीत धावणाऱ्या, नाव कोणाच्या लक्षातही न राहणाऱ्या घोड्याचा पाय मोडल्यावर मैदानावर पडदा उभारून इंजेक्शन दिले जाते यात नवल नाही. त्या क्षणी ते इंजेक्शनच दयेचे असते. त्या घोड्याला त्या दिवशी धावायला उतरवावे हे कोणी ठरवले, आणि त्याचा पाय आदल्या आठवड्यात कसा होता, याचे उत्तर मात्र कोणी मागत नाही.

कोवळ्या वयात घोडे पळवण्याविषयी प्राणिप्रेमी जे बोलतात, त्यात थोडी दुरुस्ती करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. दोन वर्षांच्या घोड्याला व्यायाम दिला म्हणजे त्याची हाडे बिघडतात, असे सरसकट म्हणता येत नाही. वाढीच्या वयातील माफक, मोकळ्या धावण्याने हाड मजबूत होते, असेच संशोधन सांगते. बिघडवतो तो या धावण्याचा साचा : दिवसभर कोंडून ठेवणे, पहाटे थोडा वेळ बाहेर काढून वेगाने पळवणे, आणि मालकाला पैसे लवकर परत मिळावेत म्हणून हाडाची तयारी होण्याआधी शर्यतीत उतरवणे. इंडियन डर्बी ही महालक्ष्मीची मानाची शर्यत चार वर्षांच्या घोड्यांची असते. तिथवर टिकून पोहोचणारे घोडे आपल्याला दिसतात, वाटेत गळालेले दिसत नाहीत.

‘रेसच्या घोड्यांना राजासारखे ठेवतात’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो मांडणारे लोक खोटे बोलत नसतात. चंदी म्हणजे दाणा उत्तम असतो, खरारा रोज होतो, नालबंद वेळेवर येतो, पंखे असतात, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. व्हिक्टोरियाच्या घोड्याने स्वप्नातही पाहिली नसेल अशी ही बडदास्त आहे. पण ही यादी माणसाच्या नजरेतून केलेली आहे. घोडा हा कळपाने राहणारा, दिवसाचे चौदा-सोळा तास चरत चरत चालणारा प्राणी आहे. त्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असते आणि ते शमवणारी लाळ फक्त चावताना सुटते. म्हणून गवत कमी आणि धान्य जास्त अशा आहारावर ठेवलेल्या, सरावातील बहुसंख्य घोड्यांच्या जठरात व्रण आढळतात. दिवसाचे बावीस-तेवीस तास एकट्याने तबेल्यात काढावे लागणारा घोडा त्या एकटेपणावर स्वतःचा मार्ग काढतो. तो अर्ध्या दाराची कड पुढच्या दातांत धरतो, मान कमानीसारखी ताणतो, घशातून हुंकारासारखा आवाज काढत हवा आत ओढतो, सोडतो, आणि पुन्हा धरतो. हे तासन्‌तास चालते. लाकडाची कड चावून चावून गोलसर होते, दातांच्या कडा तिरक्या झिजतात. तबेल्यातील माणसे याला घोड्याची खोड म्हणतात आणि ती मोडण्यासाठी गळ्याला पट्टा आवळतात. मोकळ्या कुरणात कळपाने राहणाऱ्या घोड्यांत मात्र ही खोड जवळजवळ दिसतच नाही.

याच कारणाने ‘घोड्याला धावायला आवडतेच’ हे विधानही अर्धेच खरे आहे. घोड्याला धावायला आवडते. मनात आले की चौखूर उधळायला आणि मनात आले की थांबायला त्याला आवडते. फुप्फुसातील केशिका फुटेपर्यंत धावणे ही त्याची आवड नव्हे. घोडा केवळ नाकानेच श्वास घेऊ शकतो, पूर्ण वेगात त्याचा एकेक श्वास एकेका टापेशी बांधलेला असतो, आणि शर्यतीनंतर नळीने तपासले असता बहुसंख्य घोड्यांच्या श्वासमार्गात कमी-अधिक रक्त आढळते. थकलेला घोडा वेग कमी करू पाहतो, तेव्हा जॉकीचा चाबूक उठतो. घोड्याला आवडतेच, तर तेवढ्याच वेळी त्या चाबकाची गरज का पडावी?

चाबकाविषयीचे पुरावे आता पुरेसे झाले आहेत. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली शर्यतींतील शेवटच्या ४०० मीटरचा अभ्यास करून दाखवले की चाबूक मारल्याने घोड्याचा वेग लक्षणीय वाढत नाही. २०२० साली तेथीलच संशोधकांनी घोड्याची आणि माणसाची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि वेदना जाणवणाऱ्या मज्जातंतूंच्या बाबतीत दोन्हींत महत्त्वाचा फरक नसल्याचे नोंदवले. ‘घोड्याचे कातडे जाड असते’ हा दिलासा त्यामुळे संपला. नॉर्वेने १९८२ सालीच घोड्याला पळवण्यासाठी चाबूक वापरण्यास मनाई केली आणि तेथील शर्यती बंद पडल्या नाहीत. ब्रिटनने २०२३ साली सपाट मैदानावरील शर्यतीत सहा फटक्यांची मर्यादा घातली आणि ती चार किंवा अधिक फटक्यांनी ओलांडल्यास घोडाच बाद करण्याचा नियम केला. जॉकीच्या सुरक्षिततेसाठी, घोडा बिथरून आडवा जाऊ नये म्हणून, चाबूक जवळ असावा हे मला मान्य आहे. परंतु घोडा सांभाळण्यासाठी बाळगणे वेगळे आणि दमल्यावर पुढे रेटण्यासाठी मारणे वेगळे. बैलाच्या बाबतीत महाराष्ट्राने हा भेद केव्हाच ओळखला आहे.

आता हिशेबाकडे वळू, कारण माझ्या मते या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. अमेरिकेतील सांता अनिता रेसकोर्सवर डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या एका हंगामात ३० घोडे मेले. तेथे आकडा जाहीर होता म्हणून संताप जाहीर झाला. काही काळ शर्यती थांबल्या, औषधांवर निर्बंध आले, धावण्यापूर्वीच्या तपासण्या कडक झाल्या, उभ्या घोड्याच्या पायाचे स्कॅन करणारे यंत्र बसवले गेले. केंद्रीय कायदा झाला आणि २०२२ पासून घोड्यांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय प्राधिकरण कामाला लागले. अमेरिकेत २००९ साली घोडा शर्यतीत उतरण्याच्या दर हजार वेळांमागे दोन मृत्यू होत होते. या प्राधिकरणाच्या अखत्यारीतील मैदानांवर २०२४ साली ते प्रमाण ०.९० वर आले. शून्य झालेले नाही, आणि सरावात मरणारे घोडे या प्रमाणात धरलेले नाहीत. तरीही निम्म्याहून अधिक मृत्यू टाळता येण्यासारखे होते, हे यातून सिद्ध झाले. ‘अपघात व्हायचेच’ असे म्हणणाऱ्यांना इतके स्वच्छ उत्तर दुसरे नाही.

भारतात असा वार्षिक आकडा नागरिकापुढे येत नाही. मुंबई आणि पुण्यात एका हंगामात किती घोडे मैदानावर मेले, किती सरावात जायबंदी झाले, किती घोड्यांना मारावे लागले, कोणत्या अंतराच्या शर्यतीत आणि कोणत्या वयाचे, हे कोणा सामान्य माणसाला पाहायचे असेल, तर तशी सोय नाही. कोणत्या घोड्याने मागच्या पाच शर्यतींत काय वेळ नोंदवली, त्याच्यावर कोणता जॉकी होता, पाठीवर किती वजन होते, हे मात्र चार आण्यांचाही डाव न लावणाऱ्याला छापील पुस्तिकेत मिळते. पैज लावण्यासाठी लागणारी प्रत्येक नोंद बारकाईने ठेवणारी व्यवस्था मृत्यूच्या नोंदी ठेवायला असमर्थ असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

धावणे संपल्यानंतरचा काळ तर अधिकच अंधारात आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. शर्यतीचे आयुष्य चार-सहा वर्षांत आटोपते. मोजक्या घोड्यांना पैदाशीसाठी स्टड फार्मवर जागा मिळते, काही रायडिंग क्लब, पोलो किंवा पोलीस दलात जातात. काही सर्पदंशावरील औषध बनवणाऱ्या संस्थांकडे जात आले आहेत. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्मवरील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरमसाठी दिले जात, आणि त्या अनुभवातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, हे सर्वश्रुत आहे. शेतात विंचू-सापाचा दंश झालेला माणूस घोड्याच्या रक्तातून काढलेल्या द्रव्यामुळे वाचतो, हे ऋण मोठे आहे, आणि म्हणूनच त्या घोड्यांच्या देखभालीवर कडक नजर हवी. उरलेले घोडे हातोहात विकले जातात : लग्नाच्या वरातीत, गिरिस्थानांवरच्या फेऱ्यांत, कोठल्यातरी तबेल्यात. मैदानावर ज्याची वंशावळ चार पिढ्यांपर्यंत सांगता येत होती, त्या घोड्याचा तिसऱ्या विक्रीनंतर ठावठिकाणा सांगता येत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात हैदराबादहून जबलपूर जिल्ह्यात ५७ घोडे ट्रकने नेण्यात आले आणि त्यांतील अनेक घोडे पुढे दगावले. प्रकरण मध्य प्रदेश उच्च न्यायालयात गेले तेव्हा देशाला त्यांच्याविषयी कळले. घोड्याच्या मालकीची साखळी कोठे तुटते यावर लक्ष ठेवणारे कोणी नसले, की असेच घडणार.

कायद्याची स्थिती काय आहे? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला मारणे, त्याच्यावर अतिरिक्त स्वारी करणे हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीवरील पैज हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला, आणि आजही रेसकोर्सचे सारे समर्थन त्याच निकालावर उभे असते. त्या खटल्यातील प्रश्न पैजेचा होता, त्याचे उत्तर न्यायालयाने दिले. घोड्याला काय सोसावे लागते हा प्रश्न तेव्हा न्यायालयापुढे नव्हताच. तो २०१४ साली बैलांच्या निमित्ताने आला, आणि भूक, अस्वस्थता, इजा, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक ही पाच तत्त्वे न्यायालयाने त्या वेळी सविस्तर सांगितली. ती तत्त्वे बैलापुरती आहेत असे त्या निकालात कोठेही म्हटलेले नाही.

रोजगाराचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. तबेल्यात घोड्यांची निगा राखणारे सईस, सरावाचे स्वार, नालबंद, गवत पुरवणारे, यांची घरे या व्यवसायावर चालतात आणि शर्यती उद्या एका फटक्यात बंद केल्या तर पहिला घाव त्यांच्यावर पडेल, दुसरा घोड्यांवर. सिंगापूरने १८२ वर्षांची परंपरा संपवून ५ ऑक्टोबर २०२४ रोजी शेवटची शर्यत घेतली, पण निर्णय जून २०२३ मध्येच जाहीर करून कामगारांना आणि घोड्यांच्या स्थलांतराला अवधी दिला. शर्यती संपवायच्याच असतील, तर त्या अशा संपवता येतात. मी आज बंदीची मागणी करत नाही. मात्र शर्यती चालू ठेवण्यासाठी घोड्याच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतची जबाबदारी घ्यायला हा व्यवसाय तयार नसेल, तर बंदीविरुद्ध बोलण्यासारखे माझ्याकडे काही उरणार नाही.

ही जबाबदारी लादण्याचे साधन महाराष्ट्राच्या हातात आहे. महालक्ष्मीची जमीन सार्वजनिक आहे. तिचा भाडेपट्टा २०१३ सालीच संपला होता, आणि २०२४ साली शासनाने १२० एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडे घेऊन ९१ एकर शर्यतींसाठी २०५३ पर्यंत देण्याचा निर्णय केला. त्या वेळी उद्यान कसे असावे, भुयारी वाहनतळ असावा की नसावा, झाडे किती जातील, यावर मुंबईकर हिरिरीने भांडले, आणि ते योग्यच होते. पण ज्या ९१ एकरांवर घोडे धावणार आहेत, तेथील घोड्यांविषयी एकही अट घालावी असे त्या भांडणात कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. जनतेची जमीन वापरणाऱ्याने तिच्यावर किती प्राणी जायबंदी झाले हे जनतेला दरवर्षी सांगावे, चाबूक फक्त सुरक्षेपुरता ठेवावा, आणि पैजेतून जमणाऱ्या पैशाचा ठरावीक वाटा निवृत्त घोड्यांच्या कुरणांसाठी वेगळा काढावा, यात कोणाच्या परंपरेला धक्का लागतो? बेकायदा बुकींमुळे आणि कराच्या ओझ्यामुळे क्लबांचे उत्पन्न घटले आहे, हे त्यांचे गाऱ्हाणे खरे असू शकेल. तसे असेल तर शासनाने स्वतःच्या करातून तो वाटा द्यावा.

शिवाय एक नोंदवही अशी हवी, जी आजवर कोणी ठेवलेली नाही. पहाटे पायावरून हात फिरवताना कोणत्या घोड्याची नळी गरम लागते, कोणाचा सांधा भरला आहे, कोणी चंदी अर्धी टाकली, हे सर्वांत आधी सईसाला कळते. डॉक्टरला नंतर आणि मालकाला सर्वांत शेवटी. पण पगार ट्रेनर देतो, आणि घोडा रविवारच्या शर्यतीत उतरणार असेल तर सईसाने गप्प राहण्यातच शहाणपण असते. त्याने पाहिलेले थेट स्वतंत्र पशुवैद्यकाकडे नोंदले जावे, त्या नोंदीनंतर तपासणी होईपर्यंत घोडा धावायला उतरू नये, आणि नोंद केल्याबद्दल त्या माणसाची नोकरी जाऊ नये, अशी तरतूद भाडेपट्ट्याच्या अटींत करायला नवा कायदाही लागत नाही.